सन्मान, सवलत आणि श्रेयांक : लष्करी प्रशिक्षणाच्या शैक्षणिक मान्यतेची चिकित्सा (मुरबाड-शहापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

लष्करी प्रशिक्षण व अनुभव यांना महाविद्यालयीन श्रेयांक द्यावेत, हे धोरण भारतात गेल्या काही वर्षांत दोन मार्गांनी पुढे आले आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेला ऐच्छिक श्रेयांक विषयाचा दर्जा देण्याची सूचना झाली आणि २०२२ मध्ये अग्निवीरांसाठी निम्मे श्रेयांक सैनिकी प्रशिक्षणातून देणारी पदवी जाहीर झाली. प्रस्तुत लेखात या दोन्ही उपक्रमांची चिकित्सा केली आहे. सन्मान, सवलत आणि श्रेयांक या तीन भिन्न संकल्पनांची सरमिसळ हा सदर धोरणातील मूळ दोष असून, त्याचा तोटा ग्रामीण भागातील सामान्य जवानालाच सर्वाधिक होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्रेयांक, राष्ट्रीय छात्रसेना, अग्निवीर, पूर्वज्ञानाची मान्यता, ग्रामीण महाविद्यालय.

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड व शहापूर हे दोन तालुके आहेत. मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेसाठी व तेथील बैलबाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांच्या या परिसरात भातशेती, वीटभट्टी, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम आणि कल्याणपर्यंतचा रोजचा प्रवास हे उपजीविकेचे मुख्य मार्ग आहेत. साताऱ्यातील अपशिंग्यासारखी पिढ्यान्‌पिढ्यांची फौजी परंपरा येथे नाही. त्यामुळे सैन्यात जाणारा येथील तरुण बहुधा घरातील पहिलाच असतो. पोलीस भरती आणि सैन्य भरती यांची तयारी तो एकाच वेळी करतो, आणि बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश घेतला तरी त्याचे लक्ष भरतीच्या तारखेकडे असते.

अशा विद्यार्थ्याच्या बाबतीत महाविद्यालयापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, महाविद्यालयात असताना त्याने छात्रसेनेत घेतलेल्या प्रशिक्षणाचे शैक्षणिक मोल काय? दुसरा, पदवी अर्धवट सोडून तो सैन्यात गेला आणि काही वर्षांनी परत आला, तर तेथे जे शिकला त्याचे मोल काय? या प्रश्नांना आजवर मिळालेली उत्तरे भावनेच्या पातळीवर उदार असली, तरी शैक्षणिक पातळीवर ती अपुरी आहेत.

२. तीन संकल्पनांतील भेद

सैनिकी सेवेचा विचार करताना सन्मान, सवलत व श्रेयांक या तीन संकल्पना एकमेकींपासून वेगळ्या करणे आवश्यक आहे.

सन्मान हा त्यागासाठी असतो. म्हशापासून जवळ असलेल्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्यांच्या आझाद दस्त्याला या डोंगराळ प्रदेशाचे जे ज्ञान होते, ते कोणत्याही लष्करी शाळेत मिळाले नसते. तथापि त्यांचे स्मरण समाजाने स्मारकाच्या रूपाने केले. पुढे १९७२ मध्ये देशभरातील स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले. ताम्रपटाची तुलना पदवीशी करावी असे कोणाच्याही मनात आले नाही, कारण दोहोंचे प्रयोजनच भिन्न होते.

सवलत ही हानीच्या भरपाईसाठी असते. देशसेवेत ज्याचा काळ गेला, त्याची स्पर्धेत पीछेहाट होऊ नये म्हणून वयोमर्यादा शिथिल होते, जागा राखीव ठेवल्या जातात. सवलत न्याय्य असू शकते. परंतु तिच्यातून लाभधारकाने काय शिकले हे सिद्ध होत नाही.

श्रेयांक मात्र अध्ययनासाठी असतो. विद्यार्थ्याने अमुक विषय अमुक पातळीपर्यंत आत्मसात केला, त्याची तपासणी झाली, आणि म्हणून तो पुन्हा शिकण्याची त्याला गरज नाही, एवढेच श्रेयांक सांगतो. ज्ञान वर्गात मिळाले की छावणीत, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने गौण होय. श्रेयांकाच्या नावाखाली सन्मान किंवा सवलत दिली गेली, तर देणाऱ्याची कृतज्ञता व्यक्त होते, परंतु घेणाऱ्याच्या पदवीचे मोल घटते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

लष्करातील शिक्षणाने सामाजिक परिवर्तन घडल्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. ब्रिटिश काळातील फौजेत सैनिकांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या जात. सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुणे येथील लष्करी नॉर्मल स्कूलमधून अध्यापनाची पदविका संपादन केली आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्यांच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्रारंभिक शिक्षण घडले. गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त झाल्यावर सामाजिक लेखन व कार्य करू लागले. ज्या समाजाला गावातील शाळेचा दरवाजा बंद होता, त्याला फौजेने अक्षर दिले. १८९० च्या दशकाच्या आरंभी महार समाजाची सैन्यभरती थांबविण्यात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध वलंगकरांसारख्यांनी आवाज उठविला, कारण नोकरीइतकेच शिक्षणाचे दारही बंद होत होते.

या उदाहरणात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, रामजी सकपाळ यांच्याजवळ होती ती शिकवून व तपासून दिलेली पदविका. पलटणीत इतकी वर्षे सेवा झाली म्हणून मिळालेले ते प्रमाणपत्र नव्हते. लष्करी शिक्षणाची मान्यता टिकाऊ ठरते ती अशा तपासणीमुळे.

विद्यापीठे व सैनिकी प्रशिक्षण यांचा संबंधही जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१७ मध्ये विद्यापीठीय तुकड्या सुरू झाल्या. १९२० नंतर त्यांना विद्यापीठ प्रशिक्षण दल असे रूप आले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्या संघटनेची शिफारस केली आणि १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. चीनबरोबरच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली व १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना हा दुसरा पर्याय उपलब्ध झाला. या संपूर्ण काळात छात्रसेना महाविद्यालयाच्या आवारात होती. अभ्यासक्रमात मात्र तिला स्थान नव्हते.

४. छात्रसेना : सवलतीच्या गुणांपासून श्रेयांकापर्यंत

अभ्यासक्रमाबाहेरील या छात्रसेनेला विद्यापीठांनी दिलेली मान्यता म्हणजे सवलतीचे गुण, अर्थात ग्रेस मार्क. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना आदी उपक्रमांत सहभागी विद्यार्थ्यांसाठी १० गुणांची तरतूद अध्यापकवर्गाला सुपरिचित आहे. या तरतुदीमागील हेतू चांगला होता, परंतु तिच्यात एक विसंगती आहे. अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत कमी पडलेले गुण कवायतीने भरून निघतात, अशी अर्थशास्त्राच्या अध्यापकाची तक्रार असते आणि ती रास्त आहे. तीन वर्षे पहाटेची कवायत, शिबिरे व ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा एवढे करूनही त्याचे मोल दहा गुण ठरावे, ही छात्रसेना अधिकाऱ्याची तक्रारही तितकीच रास्त आहे. एकाच तरतुदीने दोन्ही पक्षांवर अन्याय व्हावा, याचे कारण ती सवलत आहे. विद्यार्थ्याने छात्रसेनेत काय शिकले याविषयी ती काहीच बोलत नाही.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेनेला सामान्य ऐच्छिक श्रेयांक विषय म्हणून स्वीकारावे, असे विद्यापीठांना सुचविले. सहा सत्रांत एकूण २४ श्रेयांकांचा आराखडा त्यात मांडलेला होता. त्याच वर्षी शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम आले. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या शासन निर्णयात सह-अभ्यासक्रम या गटाखाली क्रीडा, योग, कला व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या जोडीने छात्रसेनेला जागा मिळाली. प्रत्येकी २ श्रेयांकांच्या या गटात विद्यार्थी यांपैकी एकाची निवड करतो. म्हणजे एका आराखड्यात छात्रसेना हा सलग सहा सत्रांचा विषय आहे, तर दुसऱ्यात ती योगवर्गाशेजारची एक निवड आहे. या दोहोंत गुणात्मक अंतर असून अनेक महाविद्यालयांत प्रत्यक्ष व्यवहार दुसऱ्या पद्धतीने चालतो.

अभ्यासक्रमाच्या आशयाकडे पाहिल्यास ही दुय्यमता अनाठायी वाटते. छात्रसेनेच्या पाठ्यक्रमात कवायत व शस्त्रप्रशिक्षण आहे, तसेच आपत्ती व्यवस्थापन, आरोग्य व स्वच्छता, लष्करी इतिहास, संदेशवहन, क्षेत्रकौशल्य आणि नकाशावाचन हे घटकही आहेत. नकाशावाचनाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. भूगोलाचा पदवी विद्यार्थी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशावर सांकेतिक चिन्हे, समोच्च रेषा, चार व सहा अंकी जाळी-संदर्भ यांचा अभ्यास प्रात्यक्षिकाच्या तासाला करतो. छात्रसैनिक हेच घटक शिकतो. शिवाय प्रत्यक्ष मैदानात होकायंत्र घेऊन नकाशा दिशेनुसार लावणे व दोन ओळखीच्या शिखरांचे दिगंश घेऊन स्वतःचे स्थान निश्चित करणे, ही कामे त्याला करावी लागतात. सिद्धगड आणि गोरखगड यांसारखी ठळक शिखरे असलेला मुरबाडचा पूर्व भाग या अभ्यासासाठी नैसर्गिक प्रयोगशाळाच होय. असे असताना भूगोलाचे अभ्यास मंडळ छात्रसैनिकाच्या या ज्ञानाची दखल प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकात घेत नाही आणि छात्रसेना त्याची दखल सर्वसाधारण ‘सहभाग’ म्हणून घेते. एकच ज्ञान दोनदा शिकविले जाते, परंतु विषय म्हणून ते एकदाही मोजले जात नाही.

मूल्यमापनाबाबतही संदिग्धता आहे. ‘बी’ व ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षा छात्रसेना संघटना घेते. श्रेयांक विद्यापीठ देते. महाविद्यालयातील सहयोगी छात्रसेना अधिकारी हा या दोहोंमधील दुवा. कामठी येथील प्रबोधिनीत प्रशिक्षण घेतलेला हा अध्यापक एकाच वेळी विद्यापीठाचा परीक्षक व छात्रसेनेचा अधिकारी असतो. त्याने कशाचे गुण द्यावेत? उपस्थितीचे, वर्तनाचे की ज्ञानाचे? प्रमाणपत्र परीक्षेला बसण्यासाठी कवायतीच्या उपस्थितीची जी ७५ टक्क्यांची अट आहे, तीच पुन्हा श्रेयांकाचे माप म्हणून वापरली गेली, तर एकाच उपस्थितीचे दोनदा मूल्यमापन होते आणि अध्ययन बाजूलाच राहते. शिस्त व नेतृत्व हे गुण निश्चितच शैक्षणिक आहेत. परंतु त्यांचे निकष आधी लिहून काढल्याशिवाय त्यांना श्रेयांक देणे म्हणजे अधिकाऱ्याच्या मतालाच गुणपत्रिकेचे रूप देणे होय.

५. अधिकारी व जवान : मान्यतेचे दोन मार्ग

छात्रसेनेकडून प्रत्यक्ष सैन्याकडे वळल्यास आणखी एक भेद स्पष्ट होतो. पुण्याजवळील खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथील छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. ही व्यवस्था १९७० च्या दशकापासून चालू आहे. मे २०२५ मध्ये तेथून उत्तीर्ण झालेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीलाही ती लागू झाली. वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयात शिकणारा अधिकारी मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतो. या पदव्यांविषयी कोणी शंका घेत नाही. कारण प्रबोधिनीत कवायतीबरोबर इतिहास, राज्यशास्त्र, भौतिकशास्त्र हे विषय विद्यापीठमान्य अभ्यासक्रमानुसार प्रत्यक्ष शिकविले जातात व त्यांच्या परीक्षा होतात. अधिकाऱ्याच्या बाबतीत लष्करी प्रशिक्षण आणि शैक्षणिक अध्ययन यांची सांगड प्रशिक्षणाच्या आरंभापासूनच घातलेली आहे.

जवानाच्या बाबतीत मात्र सांगड सेवेच्या अखेरीस, आदेशाने घातली जाते. केंद्र शासनाच्या १९८६ च्या आदेशानुसार दहावी उत्तीर्ण किंवा लष्कराचे विशेष शैक्षणिक प्रमाणपत्र धारण करणारा, किमान १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक हा, पदवी ही पात्रता असलेल्या गट ‘क’ मधील राखीव पदांसाठी पात्र समजला जातो. लोकव्यवहारात याला ‘आर्मी ग्रॅज्युएशन’ म्हणतात. ही तरतूद अनेक कुटुंबांना आधार देणारी ठरली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचे स्वरूप पाहता ती सवलतच आहे. या पात्रतेच्या बळावर नोकरी मिळते. पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळत नाही. पंधरा वर्षे बिनतारी संदेशयंत्रणा हाताळणारा आणि पंधरा वर्षे भांडारात हिशेब ठेवणारा हे दोघेही तिच्या लेखी सारखेच ‘पदवीधर’ असतात. दोघांनी काय शिकले, हे तिला विचारावेसे वाटत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २००९ मध्ये झाला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने लष्कराबरोबर ‘ज्ञानदीप’ नावाचा उपक्रम सुरू करून सेवांतर्गत प्रशिक्षणाला सामुदायिक महाविद्यालयांमार्फत शैक्षणिक मान्यता देण्याचे ठरविले. नौदल व वायुदल यांच्यासाठीही तशाच योजना आल्या. दिशा योग्य होती. तथापि सामुदायिक महाविद्यालयांची ही योजना फार काळ टिकली नाही. ज्या व्यवस्थेवर श्रेयांक उभे असतात, ती व्यवस्थाच अल्पायुषी ठरली तर विद्यार्थ्याच्या हातातील कागदाला वाली राहत नाही, हा त्यातील धडा होय.

६. अग्निवीरांची पदवी

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा व त्यानंतर कमाल २५ टक्के जणांना कायम करणे, हे तिचे सूत्र. दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांच्या कौशल्याधिष्ठित पदवीची घोषणा केली. ही पदवी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ देणार, तिचे ५० टक्के श्रेयांक सेवेतील तांत्रिक व अतांत्रिक प्रशिक्षणातून येणार आणि उरलेले ५० टक्के भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, लोकप्रशासन, वाणिज्य, पर्यटन, कृषी, ज्योतिष अशा विविध विषयांतून निवडायचे, असे तिचे स्वरूप सांगण्यात आले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका व तिसऱ्यानंतर पदवी असे टप्पेही ठेवण्यात आले. दहावी उत्तीर्ण अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची सोय करण्याचेही त्याच सुमारास जाहीर झाले.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मुंब्रा येथे झालेल्या भरती मेळाव्यात ठाणे जिल्ह्यातील तरुणही उतरले होते. देशातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. म्हणजे बाविशी ते पंचविशीच्या उंबरठ्यावरील तरुण गावाकडे परतण्याचा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. या तरुणाच्या हातातील पदवी किती खणखणीत आहे, यावर त्याचे पुढील चाळीस वर्षांचे आयुष्य अवलंबून आहे.

या पदवीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप तासांचा असतो : सैनिकी प्रशिक्षणाने निम्मी पदवी कशी पूर्ण होईल? हा आक्षेप फारसा टिकत नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन. १२० श्रेयांकांच्या पदवीचे निम्मे म्हणजे ६० श्रेयांक, अर्थात १८०० तास. आठवड्याला ४० तास धरले तर हे ४५ आठवड्यांचे काम होते. चार वर्षांच्या प्रशिक्षण व सेवेत एवढे तास निश्चितच भरतात.

खरा आक्षेप वेगळा आहे. हे ६० श्रेयांक कोणत्या विषयाचे? खडकी येथील बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात शिकलेला जवान बांधकाम, सुतारकाम, विद्युतजोडणी यांपैकी एखादे कौशल्य घेऊन बाहेर पडतो. नाशिक रोड येथील तोफखाना केंद्रात तयार झालेल्या जवानाचे ज्ञान वेगळे, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातील पायदळ सैनिकाचे आणखी वेगळे, आणि अहिल्यानगर येथे रणगाडा चालविण्यास शिकलेल्याचे त्याहून वेगळे. या चौघांचेही प्रशिक्षण जर सरसकट ‘पन्नास टक्के’ ठरणार असेल, तर १९८६ च्या आदेशातील समीकरणच नव्या भाषेत पुन्हा मांडल्यासारखे होईल. शिवाय विद्युतजोडणी शिकलेल्याने उरलेली निम्मी पदवी पर्यटनाची घ्यावी, यात कौशल्य व ज्ञान यांचा धागा जुळत नाही. दोन अर्धी जोडून एक पदवी तयार होते. मात्र त्या पदवीने कोणत्याही एका विषयातील पुढच्या पायरीवर नेले पाहिजे.

दुसरी त्रुटी संस्थात्मक आहे. पदवी मुक्त विद्यापीठाची असल्यामुळे संलग्न महाविद्यालयांना या प्रक्रियेत काही भूमिकाच उरत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंतची पदविका घेऊन परतलेल्या अग्निवीराला मुरबाड किंवा शहापूर येथील महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला प्रवेश हवा असेल, तर त्याचे सैनिकी श्रेयांक श्रेयांक बँकेत आहेत एवढ्याने भागणार नाही. ते कोणत्या विषयाच्या बदल्यात धरायचे, याचा निर्णय अभ्यास मंडळाला घ्यावा लागेल. आणि तपशीलच नसेल तर अभ्यास मंडळ नकारच देईल.

७. तुलनेसाठी एक अनुभव

याबाबत अमेरिकेतील अनुभव उद्‌बोधक आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील अनेक महाविद्यालयांनी परतलेल्या सैनिकांना केवळ सेवेच्या आधारे सरसकट श्रेयांक वाटले. त्यातून पदवीचा दर्जा घसरल्याची जाणीव झाली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या कायद्याने लक्षावधी माजी सैनिक महाविद्यालयांकडे वळणार हे दिसू लागताच, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने वेगळा मार्ग स्वीकारला. सैन्यातील प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासायचा, त्यासाठी त्या त्या विषयाच्या महाविद्यालयीन अध्यापकांची मदत घ्यायची, आणि कोणत्या विषयात, कोणत्या पातळीचे, किती श्रेयांक देता येतील याची मार्गदर्शिका प्रसिद्ध करायची, अशी ती पद्धत. संस्थेची शिफारस ही शिफारसच असते. श्रेयांक द्यावयाचे की नाही हे महाविद्यालय ठरविते.

या पद्धतीतही उणिवा आहेत. शिफारस केलेले श्रेयांक पुष्कळदा मुख्य विषयात न धरता मुक्त ऐच्छिक गटात ढकलले जातात व माजी सैनिकाचा पदवीचा काळ प्रत्यक्षात कमी होत नाही. तरीही त्यातील दोन तत्त्वे अनुकरणीय आहेत : मूल्यमापन अभ्यासक्रमनिहाय असावे आणि ते अध्यापकांनी करावे.

८. गणवेशालाच श्रेयांक का?

म्हशासारख्या परिसरातून आणखी एक प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. यात्रेच्या बाजारात दात पाहून बैलाचे वय सांगणारा शेतकरी किंवा रानातील वनस्पतींचे गुणधर्म जाणणारा ठाकूर तरुण यांचे ज्ञान अनुभवसिद्ध नाही काय? मग श्रेयांक केवळ गणवेशधारी अनुभवालाच का? राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने (२०२३) अनुभवाला कमाल दुपटीपर्यंत भार देण्याची तत्त्वतः मुभा ठेवली असून पूर्वज्ञानाच्या मान्यतेत पारंपरिक कौशल्यांचाही समावेश केला आहे. त्यामुळे हा प्रश्न गैरलागू ठरत नाही.

त्याचे उत्तर देशभक्तीच्या आधारे देणे सोपे, पण चुकीचे होईल. लष्करी अनुभव श्रेयांकास अधिक सुलभ आहे याचे कारण त्याची नोंद असते. प्रत्येक प्रशिक्षणाला लिखित पाठ्यक्रम, ठरावीक कालावधी, चाचणी व निकाल असतो. म्हणून आरंभ तेथून करणे व्यवहार्य आहे. परंतु मोजण्याची जी शिस्त लष्करी प्रशिक्षणासाठी लावली जाईल, तीच पुढे बैलबाजार आणि रानातील ज्ञानासाठी वापरता आली पाहिजे. उलट, श्रेयांक गणवेशाच्या गौरवासाठी दिले गेले, तर इतर अनुभवांसाठी तो मार्ग कायमचा बंद होईल.

संधीच्या विषमतेकडेही दुर्लक्ष करता येत नाही. छात्रसेनेचे पथक प्रत्येक महाविद्यालयात नसते. मंजूर संख्या मर्यादित असल्याने संस्थांना प्रतीक्षा करावी लागते. पथकाचा खर्च स्वतः सोसण्याची स्वयंअर्थसहाय्यित योजना आहे, पण ती ग्रामीण संस्थांच्या आवाक्यात क्वचितच असते. २०२० मध्ये सीमावर्ती व सागरी अशा १७३ जिल्ह्यांत छात्रसेनेचा विस्तार जाहीर झाला. ठाणे जिल्ह्याला खाडी व किनारा असला, तरी त्याचा पूर्व भाग डोंगराळ आहे; जिल्हा हा एकक धरून आखलेल्या विस्तारात असे कोपरे नजरेआड होण्याचा धोका असतो. छात्रसेना केवळ उपक्रम होती तोवर तिचा अभाव सहन होण्याजोगा होता. ती श्रेयांक विषय झाल्यावर तिचा अभाव म्हणजे विषयच उपलब्ध नसणे होय. ज्या भागातील मुले सैन्यात जाण्यास सर्वाधिक उत्सुक आहेत, त्याच भागात हा विषय नसावा, हा विरोधाभास दूर झाला पाहिजे.

९. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(अ) छात्रसेनेचे सवलतीचे गुण व श्रेयांक हे दोन्ही लाभ एकाच कामासाठी देऊ नयेत. श्रेयांक स्वीकारले की सवलत बंद व्हावी.

(आ) नकाशावाचन, आपत्ती व्यवस्थापन, प्रथमोपचार, लष्करी इतिहास यांसारखे घटक संबंधित विषयांच्या अभ्यास मंडळांनी तपासावेत आणि भूगोल, इतिहास आदी विषयांच्या प्रात्यक्षिक किंवा ऐच्छिक श्रेयांकांत त्यांना स्थान द्यावे. कवायत व शिबिर यांचे श्रेयांक वेगळे दाखवावेत.

(इ) अग्निवीर व माजी सैनिक यांच्या गुणपत्रिकेत ‘सैनिकी प्रशिक्षण’ अशी एकच नोंद नसावी. प्रशिक्षण केंद्र, कौशल्य, तास व चाचणीचा निकाल यांचा तपशील त्यात द्यावा. गोपनीयतेला बाध येणार नाही इतपत तपशील देणे अशक्य नाही.

(ई) विद्यापीठ स्तरावर विषय-अध्यापकांच्या लहान समित्या नेमून राज्यातील खडकी, नाशिक रोड, कामठी, अहिल्यानगर येथील प्रशिक्षणांचे अभ्यासक्रमनिहाय मूल्यमापन करावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा दूरशिक्षणातील अनुभव या कामी उपयोगी पडेल.

(उ) परतलेल्या सैनिकाला संलग्न महाविद्यालयात मधल्या वर्षात प्रवेश घेता यावा म्हणून एका सत्राचा पूरक अभ्यासक्रम असावा. त्यात मराठी व इंग्रजी लेखन आणि निवडलेल्या विषयाची पायाभरणी यांवर भर द्यावा.

(ऊ) पथक नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयांसाठी तालुक्यातील दोन-तीन संस्थांचे संयुक्त पथक मंजूर करावे.

१०. समारोप

सैनिकाविषयीची कृतज्ञता व्यक्त करण्याचे अनेक मार्ग समाजाजवळ आहेत. पदवी हा त्यांपैकी एक नव्हे. पदवी ही धारकाच्या ज्ञानाविषयी विद्यापीठाने तिसऱ्या व्यक्तीला दिलेली ग्वाही असते. ही ग्वाही तपासणीवाचून दिली गेली, तर ती पहिल्या मुलाखतीतच उघडी पडते आणि तिची किंमत विद्यापीठापेक्षा त्या तरुणालाच अधिक मोजावी लागते. अधिकाऱ्याच्या पदवीमागे अध्यापन आणि परीक्षा उभी आहे. जवानाच्या पदवीमागे केवळ आदेश असावा, हे समतेच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही.

म्हसा, मुरबाड, शहापूर या भागातील महाविद्यालयांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. परतणारा तरुण प्रथम त्यांच्याच कार्यालयाच्या खिडकीशी येणार आहे. त्याचे प्रशिक्षण कोणत्या विषयाचे, किती पातळीचे व किती श्रेयांकांचे, हे ठरविण्याची तयारी अध्यापकवर्गाने आतापासून केली नाही, तर त्याचे स्वागत होईल, सत्कारही होईल, पण प्रवेश होणार नाही.